दसऱ्याचा नारळ फोडण्याआधी

पितृपक्षात घराचं काम कोणी काढत नाही. ठरवतात मात्र सगळे याच पंधरवड्यात. कोटेशनं मागवली जातात, टाइल्सच्या दुकानातले नमुने घरी येतात, सर्वपित्री झाली की ॲडव्हान्स, दसऱ्याला नारळ, आणि दिवाळीचा फराळ नव्या किचनमध्ये असा शब्द देऊन-घेऊन दोन्हीकडची माणसं मोकळी होतात. तुमच्या घरात सध्या हेच चाललं असेल आणि चेक अजून लिहिला नसेल, तर कृपा करून लिहू नका. आठ दिवस थांबा. चेक दिला असेल पण पहिला घण पडायचा असेल, तरीही थांबा.

एवढ्या घाईने का सांगतोय ते आधी ऐका. तारीख २० मे २०२५. कल्याण पूर्वेतली सप्तशृंगी इमारत. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फरशी बदलण्याचं काम चालू होतं. दुपारी त्या घराचा स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब सोबत घेत तळापर्यंत गेला. सहा माणसं गेली, त्यांत एक लहान मूल होतं. ज्या घरात काम चाललं होतं, त्याच्या मालकाला पोलिसांनी अटक केली.

पुन्हा वाचा : फरशी. या वर्षी तुमच्या-माझ्या ओळखीत किमान चार घरांत होईल ते, अगदी साधं वाटणारं काम. अशा दुर्घटनांची बातमी आली की आपण म्हणतो, कोणीतरी खांब कापला असेल. तसंही घडलेलं आहे. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली, १७ जण दगावले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. डॉकयार्ड रोडच्या बाबू गेनू मंडईच्या इमारतीत २७ सप्टेंबर २०१३ रोजी ६१ माणसं गेली. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या बदलांकडे बोट दाखवलं गेलं. पण गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसो संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी सहाव्या मजल्यावर घराचं काम चालू असताना एकाखाली एक खोल्या ढासळत पहिल्या मजल्यापर्यंत गेल्या, दोन जीव गेले, आणि ती इमारत काही जुनी नव्हती. पुढे आयआयटी दिल्लीच्या तपासणीत तिथल्या काँक्रीटमध्येच क्लोराइडचं प्रमाण घातक असल्याचं निघालं. आतली सळई गंजत होती आणि वर राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

इमारतींची तपासणी करणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे हे आवाहन थोडं कोरडं, आकड्यांनी भरलेलं वाटेल. पण हे आकडे ठेकेदार सांगत नाही आणि इंटिरिअरच्या थ्रीडी चित्रात ते दिसत नाहीत, म्हणून एकदा नीट समजून घ्या.

राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, सामान, पाहुणे, कपाटं या सगळ्यांचं मिळून प्रत्येक चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरतात. भारतीय मानक आयएस ८७५ तसं सांगतं. आता तुमच्याकडे कोणीतरी सुचवतं, "जुनी फरशी उखडायची कशाला? वरूनच टाकू. धूळ नाही, आवाज नाही, चार दिवस वाचतील." वीस मिलिमीटर जाडीचं ग्रॅनाइट प्रत्येक चौरस मीटरला पन्नासेक किलो भरतं. त्याखालचा दोन इंची माल आणखी शंभर किलो. म्हणजे दीडशे किलो कायमचे वाढले. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये हे ओझं दोन टनांच्या वर जातं, आणि २०० किलोंच्या हिशेबातला पाऊण वाटा माणसं घरात येण्याआधीच संपतो. स्लॅबमध्ये सुरक्षेसाठी जादा ताकद ठेवलेली असते हे खरं. धडधाकट, नव्या स्लॅबला हे कदाचित झेपेलही. तीस वर्षं बाथरूमचं पाणी प्यायलेल्या, सळई फुगून पोपडे सुटलेल्या स्लॅबमध्ये किती ताकद उरली आहे, हे तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. टाइल बसवणाऱ्याला तर नाहीच.

याहून मोठा धोका काम चालू असतानाचा. वाळूचा फूटभर उंच ढीग म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोंच्या आसपास. सिमेंटच्या दहा गोण्यांची एकावर एक थप्पी म्हणजे एका पाटाएवढ्या जागेवर अर्धा टन. उखडलेली फरशी, कोब्याचे तुकडे, पाडलेल्या ओट्याचं राबिट, सगळं त्याच हॉलच्या मधोमध, कारण कडेने सुताराचं प्लाय ठेवलेलं असतं. स्लॅबचा मध्य ही सगळ्यात नाजूक जागा. वरून ब्रेकरचा हादरा. यातली एकेक गोष्ट इमारत सहन करते. सगळ्या एकाच आठवड्यात आल्या की काय होईल ते कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग चांगला ठेकेदार ओळखायचा कसा? आपल्याकडचा निकष ठरलेला : माणूस बोलायला चांगला, मेहुण्याच्या घरचं काम केलंय, रेट वाजवी, आणि दिवाळीआधी देतो म्हणाला. या चारही गोष्टी चुकीच्या नाहीत. फक्त यातल्या एकीनेही तो माणूस स्लॅबशी कसा वागेल ते कळत नाही. मी एक साधी परीक्षा सुचवतो. किचन आणि हॉलमधल्या भिंतीकडे बोट दाखवा आणि विचारा, "ही काढता येईल ना?" जो भिंतीवर टकटक करून "होऊन जाईल साहेब, चार इंचीच आहे" म्हणेल, त्याचं नाव यादीतून काढा. जो म्हणेल, "सोसायटीकडून इमारतीचा नकाशा आणा, इंजिनिअरने लिहून दिलं तर काढू," त्याला बसवा, चहा पाजा आणि पुढचं बोला. पुण्यातले जुने वाडे आणि मुंबईतल्या जुन्या चाळी यांत तर अनेकदा आरसीसीचे खांब नसतात, भिंतीही मजला तोलतात. तिथे "चार इंची-नऊ इंची" या गप्पांना काही अर्थ नाही.

दुसरा प्रश्न विचारा : "मोडतोडीचा माल रोजच्या रोज खाली नेणार का, आणि वाळू-सिमेंट एकदम वर चढवणार की लागेल तसं?" या प्रश्नावर बहुतेक जण चमकतात. कारण इथेच कोटेशनचं पाणी मुरतं.

समजा, तुमच्या हातात दोन कोटेशनं आहेत, एक साडेसहा लाखांचं आणि एक साडेचारचं. दोन लाख कुठे गेले ते शोधा. ठेकेदार स्वतःच्या खिशातून सूट देत नसतो. पहिली जागा राबिट : स्वस्त कोटेशनमध्ये ते खाली नेणं आणि गाडी भरून टाकून येणं धरलेलंच नसतं. मग ते हॉलमध्ये साचतं, रात्री-बेरात्री गोण्यांतून कुठल्यातरी नाल्याकाठी जातं, किंवा महापालिका दंड करते तेव्हा पावती तुमच्या नावावर फाटते. दुसरी जागा बाथरूम. जुना कोबा पूर्ण काढून, नहाणी ट्रॅप बदलून, नव्याने वॉटरप्रूफिंग करून, मग पाणी तुंबवून दोन-तीन दिवस ठेवायचं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का बघायचं, असा हा रिवाज. स्वस्त कामात जुन्या टाइलवर केमिकलचे दोन हात मारतात आणि नवी टाइल चिकटवतात. तिसरी जागा प्लाय. किचनच्या ओट्याखाली आयएस ७१० चं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय सांगायचं आणि साधं कमर्शिअल लावायचं; वरून लॅमिनेट चढलं की ओळखणार कोण? चौथी वायर. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, एसीला चार चौरस मिलिमीटरची तार लागते. एसीला अडीचची ओढली की काही हजार वाचतात आणि भिंतीआड तार तापत राहते.

म्हणून कोटेशन एका ओळीचं, "लमसम" घेऊ नका. प्रत्येक कामाचा दर वेगळा, मालाची कंपनी, जाडी, प्रत आणि मोजण्याची पद्धत लिहून घ्या. "किंवा तत्सम" हे दोन शब्द जिथे दिसतील तिथे खोडा, किंवा तत्सम म्हणजे नेमकं काय ते बाजूला लिहायला लावा. रंगाचं मोजमाप करताना दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, यावरून शेवटच्या बिलाला भांडणं होतात. मोजमाप आयएस १२०० प्रमाणे, एवढं लिहिलं की वादाला जागा राहत नाही. प्लाय आणि वायरीवर आयएसआयच्या खुणेखाली परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपवर तो टाकला की खरा-खोटा कळतो. माल साइटवर उतरेल त्या दिवशी हे करा, लॅमिनेट चढल्यावर नव्हे.

काम बघायला जाल तेव्हा गेल्या महिन्यात झालेलं घर बघू नका. नव्या रंगाच्या वासात कुठलंही काम देखणं दिसतं. दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखवायला सांगा. आणि त्या घरात चहा घेऊन झाल्यावर एक मजला खाली उतरा, बेल वाजवा आणि विचारा : "तुमच्या बाथरूमच्या छताला ओल आली का? काम चालू असताना त्रास झाला का? झाला तेव्हा ठेकेदार आला का?" घरमालक बहुधा चांगलंच बोलतो, कारण वाईट म्हणणं म्हणजे स्वतःची निवड चुकली असं कबूल करणं. खालचा शेजारी खरं बोलतो.

जो बोलणी करायला येतो तोच काम करणार का, हेही विचारा. पुष्कळदा स्वच्छ शर्टातला माणूस काम घेतो, मुकादमाला देतो, मुकादम नाक्यावरून रोज वेगळी माणसं आणतो. गवंडी, प्लंबर, सुतार, वायरमन कोण असणार, साइटवर रोज कोण उभा राहणार, हे नावानिशी कळलं पाहिजे. विजेचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हायला हवं. परवान्याची प्रत मागायला लाजू नका. आणि माणसांच्या जिवाचं काय, हेही बोला. खिडकीबाहेर छज्ज्यावर उभं राहून पाइप बसवणाऱ्या पोराच्या कमरेला पट्टा आहे का, परांची नीट बांधली आहे का, मजुरांचा विमा काढला आहे का. "ते आमचं आम्ही बघतो" हे उत्तर पुरेसं नाही. घर तुमचं आहे.

आता पैशांचं. "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" हे वाक्य तुम्ही ऐकणारच आहात. जीएसटी वाचवण्याच्या नादात तुमच्या हातातला एकमेव पुरावा जातो. छोट्या ठेकेदाराची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी नसेलही. त्यात लबाडी नाही. मात्र तेव्हाही सही केलेलं बिल, पॅन आणि त्याच नावाच्या बँक खात्यावर पैसे, या तीन गोष्टी हव्यातच. नोंदणी असेल तर पंधरा अक्षरांचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची असतात, आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे तेही तिथे दिसतं. पाच मिनिटांचं काम, फुकट.

सुरुवातीलाच पन्नास टक्के मागणाऱ्याला सांगा, दहा टक्के घ्या आणि कामाला लागा. पुढचे हप्ते तारखांना बांधू नका, कामाला बांधा : तोडफोड होऊन राबिट खाली गेल्यावर एक, बाथरूमची पाण्याची चाचणी पास झाल्यावर एक, प्लंबिंग-वायरिंग भिंतीत झाकण्याआधी फोटो काढून झाल्यावर एक. शेवटचे पाच टक्के पुढचा पावसाळा होईपर्यंत ठेवण्याची अट घाला. खळखळ होईल, पण चांगला ठेकेदार हे मान्य करतो. त्याच्या बाजूचंही ऐका, कारण ही माणसं फार नाडली जातात. काम संपल्यावर खुसपटं काढून शेवटचा हप्ता बुडवणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. टाइल तीनदा बदलायची, भिंत आधी पिवळी मग करडी करायची, आणि वर "एक्स्ट्रा कसलं?" म्हणायचं, हे बंद करा. बदल झाला की त्याच दिवशी दर ठरवून दोघांनी सही करायची. वेळेवर पैसे देणाऱ्याच्या घरी चांगला मिस्त्री टिकतो.

हे सगळं स्टॅम्प पेपरवर करारात उतरवा, मुदत आणि दुरुस्तीची हमी धरून. एवढं करूनही फसगत झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची, आणि तिथे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

आता दिवाळीचं. दसरा ते दिवाळी हे वीस दिवस. बाथरूम, किचन, फरशी, रंग एवढ्यात नीट होत नाही. होतो तो देखावा. एकाच वेळी पाच घरं घेतलेला ठेकेदार शेवटच्या आठवड्यात काय गाळतो ते मी सांगतो : प्लास्टरला सात दिवस पाणी मारणं गाळतो, पाण्याची चाचणी गाळतो आणि ओल्या भिंतीवर रंग देतो. सगळा माल एका दिवसात वर चढवतो, कारण मजूर आज मिळालेत, उद्याचं माहीत नाही. हे सगळं आपणच त्याच्याकडून करवून घेत असतो, आपल्या मुदतीपायी. पाहुण्यांना यंदा जुनीच फरशी दाखवा. जो ठेकेदार "दिवाळीआधी होणार नाही, डिसेंबर धरा" म्हणतो त्याला सोडू नका. वर्षभर कोणी खरं बोललं असेल तर तो.

तर या आठ दिवसांत करायचं ते असं. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिकेच्या कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. अहवाल नसेल, किंवा असून कपाटात धूळ खात असेल, तर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. तो हातोडीने ठोकून आवाज ऐकेल, काँक्रीटचा छोटा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकेल. काँक्रीट गुलाबी झालं तर सळईचं संरक्षण बहुधा शाबूत आहे, रंग आला नाही तर ते गेलं आहे. त्याची फी तुमच्या एका फॅन्सी झुंबरापेक्षा फारशी जास्त नसते. फरशी वरून टाकायची की जुनी काढून हलकी टाइल लावायची, भिंत पाडायची की नाही, माल कुठे आणि किती ठेवायचा, हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि तो कागद ठेकेदाराच्या कराराला जोडा. त्या कागदावर सही करायला जो कुरकुरेल, तो तुमचा ठेकेदार नव्हे.

सोसायट्यांच्या सचिव-अध्यक्षांनाही हात जोडून सांगतो. पाच-दहा हजारांची अनामत आणि लिफ्टचे पैसे घेऊन परवानगीचं पत्र देणं एवढ्यावर आपली जबाबदारी संपवू नका. काय तोडणार, काय वाढवणार, ठेकेदार कोण, इंजिनिअर कोण, हे लिहून घ्या. साध्या फरशी-रंगाला महापालिकेची परवानगी लागत नसेल, पण स्लॅब एका सभासदाचा नसतो. एकाची फरशी हे दुसऱ्याचं छत असतं. आठवड्यातून एकदा वर जाऊन बघा. "दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवायचं" हा आपला सभ्यपणा इथे बाजूला ठेवा.

शेवटची विनंती, ज्यांच्या घरी काहीच काम नाही त्यांना. तुमच्या वरच्या मजल्यावर सध्या ब्रेकर चालू असेल, तर आज संध्याकाळी मजूर जायच्या आत वर जा. हॉलच्या मधोमध वाळू किंवा राबिटाचा ढीग असेल तर तो आजच हलवायला लावा. आपल्या छताला नवा तडा दिसतो का, प्लास्टर फुगलंय का, दरवाजे अचानक घासायला लागलेत का, ते बघा. दिसलं तर फोटो काढून सचिवांना आणि वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा आणि काम थांबवायला सांगा. कोणी ऐकलं नाही, किंवा छतातून कडकड आवाज येत असेल, तर शेजारपाजाऱ्यांना घेऊन आधी खाली उतरा आणि मग फोन करा : मुंबईत १९१६, कुठेही ११२.